आरती आणि चारू

सत्यजित राय यांचा 'महानगर' हा चित्रपट २७ सप्टेंबर १९६३ रोजी कलकत्त्यात प्रदर्शित झाला. त्यानंतर सात महिने उलटण्यापूर्वीच, १७ एप्रिल १९६४ रोजी, त्यांचा 'चारुलता' पडद्यावर आला. दोन्ही चित्रपटांची नायिका एकच होती: माधवी मुखर्जी. दोन्ही चित्रपटांसाठी राय यांना बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. 'महानगर'साठी १९६४ साली आणि 'चारुलता'साठी १९६५ साली. दिग्दर्शकाचा असा सन्मान झाला, त्याचे नाव जगभर पोहोचले, आणि या दोन चित्रपटांविषयी पुढे जे लिहिले गेले त्यातील बराच भाग स्वाभाविकपणे त्याच्या वाट्याला आला. अभिनेत्रीची स्तुती झाली, पण अनेकदा ती दिग्दर्शकाच्या स्तुतीचाच एक भाग म्हणून झाली.

चित्रपटात अभिनय नेमका कोणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. रंगभूमीवर पडदा वर गेला की नट आपल्या भूमिकेचा धनी होतो. चित्रपटात तसे नसते. त्याच्या चेहऱ्याचा कोणता क्षण ठेवायचा, कोणता कापायचा, त्यापूर्वी आणि त्यानंतर काय दाखवायचे, हे दुसरेच कोणी ठरवीत असते. म्हणून एखाद्या भूमिकेतील नटाचा वाटा वेगळा काढून दाखविणे अवघड होऊन बसते. 'महानगर' आणि 'चारुलता' हे चित्रपट या दृष्टीने फार उपयोगाचे आहेत. दिग्दर्शक एक, छायालेखक सुब्रत मित्र एक, कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त एक, संकलक दुलाल दत्त एक. पडद्यावर उभ्या राहणाऱ्या दोन स्त्रिया मात्र एकमेकींच्या दूरच्या नातलगही वाटत नाहीत. हा फरक कसा घडला हे पाहू लागले म्हणजे अभिनेत्रीचे काम आपोआप वेगळे दिसू लागते.

जडणघडण

माधवी मुखर्जी यांचा जन्म १९४२ साली कलकत्त्यात झाला. लहानपणीच त्या कलकत्त्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर आल्या आणि शिशिरकुमार भादुरी व छबी विश्वास यांच्यासारख्या थोर नटांच्या सहवासात त्यांनी कामे केली. बालकलाकार म्हणून चित्रपटांतही त्या दिसू लागल्या. त्यांचे मूळ नाव माधुरी. मृणाल सेन यांच्या 'बाइशे श्रावण' या १९६० सालच्या चित्रपटात त्या नायिका झाल्या आणि तेव्हापासून माधवी हे नाव रूढ झाले. खेड्यातील एका दांपत्याचा संसार १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कसा करपून जातो, याची ती कथा होती. पुढे ऋत्विक घटक यांच्या 'सुवर्णरेखा' या चित्रपटात त्यांनी सीतेची भूमिका केली. तो चित्रपट १९६२ साली तयार झाला होता, पण प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला त्याला १९६५ साल उजाडावे लागले.

राय यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस वर्षांचे होते. म्हणजे वयाने लहान, पण कामाने मुरलेली अशी ही अभिनेत्री होती. रंगभूमीच्या नटाला आवाज दूरवर पोहोचविण्याची आणि भाव ठळक करण्याची सवय असते. कॅमेऱ्यासमोर नेमक्या त्याच सवयी आवरत्या घ्याव्या लागतात. माधवींच्या या दोन भूमिकांत रंगभूमीचा ठळकपणा कोठेही आढळत नाही. मात्र रंगभूमीने दिलेले एक भांडवल जागोजागी कामास आलेले दिसते. ते म्हणजे संपूर्ण शरीराने भूमिका करण्याची शिस्त.

आरती

'महानगर'ची कथा नरेंद्रनाथ मित्र यांच्या 'अवतरणिका' या कथेवर आधारलेली आहे. काळ १९५० नंतरचा. सुब्रत मजुमदार हा बँकेतील एक साधा नोकर. त्याच्या तुटपुंज्या पगारावर बायको, लहान मुलगा पिंटू, शाळकरी बहीण आणि म्हातारे आईवडील एवढ्यांचा भार आहे. वडील निवृत्त शिक्षक आहेत. खर्चाचा मेळ बसत नाही म्हणून आरती नोकरी धरते. श्रीमंत घरांतून फिरून विणकामाची यंत्रे विकण्याचे ते काम असते. सासरे तोंडाने फारसे बोलत नाहीत, पण त्यांचा अबोला घर भरून राहतो. नोकरीची कल्पना ज्याने उचलून धरली तो सुब्रतही पुढे अस्वस्थ होऊ लागतो आणि तिला राजीनामा द्यायला सांगतो. ती राजीनामा पर्समध्ये घालून कचेरीत जाते. त्याच दिवशी बँक बुडते. सुब्रत दूरध्वनीवरून तिला कसेबसे थांबवितो आणि त्या क्षणापासून ती घरातील एकटी मिळवती होते.

आरतीची भूमिका वाढत जाणारी आहे. चित्रपटाच्या आरंभीची आरती आणि अखेरची आरती यांत मोठे अंतर आहे. सामान्य अभिनेत्रीने हे अंतर चार-दोन ठळक टप्प्यांत दाखविले असते: आधी भित्री, मग धीट, मग बाणेदार. माधवींनी तसे केलेले नाही. त्यांची आरती एका दिवसात बदलत नाही आणि बदलत असल्याची तिला स्वतःलाही जाणीव नसते. आरंभी घराच्या चिंचोळ्या खोल्यांतून वावरताना तिची हालचाल अंग चोरून, कोणाच्या वाटेत न येण्याच्या सवयीने होते. पदर सावरणारा हात सतत कामात असतो. बोलताना नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकत नाही. अनोळखी घरांच्या दारांत उभी राहू लागल्यावर हळूहळू पाठ सरळ होते, पावले लांब पडू लागतात, वाक्य शेवटपर्यंत एका आवाजात बोलले जाते. यातील प्रत्येक फरक इतका लहान आहे की तो घडताना लक्षात येत नाही; घडून गेल्यावर लक्षात येतो.

पहिल्या पगाराचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कोऱ्या नोटा हाती पडल्यावर आरती कचेरीतील प्रसाधनगृहात आरशासमोर उभी राहते. हातात पैसे आहेत, समोर आपलाच चेहरा आहे. या क्षणी ती मोठ्याने हसत नाही की डोळे पुसत नाही. स्वतःकडे ती अशी पाहते, की जणू ओळख असलेले, पण बरेच दिवस भेट न झालेले कोणी माणूस तिला भेटले आहे. या एका पाहण्यात अभिमान आहे, थोडे नवल आहे, आणि थोडा संकोचही आहे. संवाद नसतानाही या तिन्ही छटा वेगळ्या ओळखू येतात.

कचेरीतील इडिथ सिमन्स ही अँग्लो-इंडियन मुलगी तिला ओठांना लावायचा रंग देते. ही लहानशी कांडी पुढे घरात संशयाचे कारण होते. सुब्रतच्या मनातील आकस कळताच आरती ती टाकून देते. या प्रसंगी तिच्या वागण्यात त्यागाचा आव नाही. वस्तू क्षुल्लक आहे, नवऱ्याचे मन क्षुल्लक नाही, एवढाच साधा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसतो. तिची माया आणि तिचा नवा आत्मविश्वास यांत तिला विरोध वाटत नाही. विरोध इतरांना वाटतो. चहाच्या दुकानात एका ओळखीच्या गृहस्थासमोर ती बेकार नवऱ्याची बाजू राखण्यासाठी त्याच्या उद्योगाविषयी भरभरून खोटे बोलते, आणि सुब्रत आड बसून ते सगळे ऐकत असतो. हे खोटे ती ज्या सहजतेने बोलते त्यात विक्रीच्या कामात मिळविलेली सफाई आहे. नोकरीने शिकविलेले कौशल्य ती नवऱ्याच्या अब्रूसाठी वापरते. तिची ही सफाई प्रेक्षकाला हसवितेही आणि सुब्रतसाठी हळवेही करते.

चारू

'चारुलता'चा आधार रवींद्रनाथ ठाकूर यांची १९०१ सालची 'नष्टनीड' ही दीर्घकथा आहे. चित्रपटाचा काळ १८७९ सालच्या सुमाराचा. कलकत्त्यातील एका संपन्न घरात भूपती इंग्रजी वृत्तपत्र चालवितो. इंग्लंडमधील निवडणुकांत त्याला जितका रस आहे तितका शेजारच्या खोलीतील पत्नीच्या मनात नाही. तो वाईट माणूस नाही, किंबहुना फार सज्जन आहे. त्याला फक्त दिसत नाही. पत्नीला सोबत व्हावी आणि तिच्या लेखनाची आवड वाढावी म्हणून तोच आपला धाकटा आतेभाऊ अमल याच्यावर ते काम सोपवितो. दीर-भावजयीचे नाते थट्टामस्करीची, लाडिक भांडणाची मोकळीक देणारे असते. चारू त्या मोकळिकीत शिरते आणि तिच्याही नकळत तिचे मन तेथे अडकते.

चित्रपटाचा आरंभीचा भाग जवळजवळ मुका आहे. चारू रुमालावर भूपतीच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर भरते आहे. चाकराला चहाविषयी सांगते, पुस्तक उघडते, मिटते, कपाटातून दुसरे काढते. मग नाटक पाहण्याची छोटी दुर्बीण घेऊन ती एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसे पाहते. इतक्यात भूपती पुस्तक शोधीत तेथून जातो. ती तेथे उभी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. चारू दुर्बीण डोळ्यांना लावून पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहते आणि मग दुर्बीण खाली घेते.

या प्रसंगाची मांडणी राय यांची आहे, यात शंका नाही. खिडक्या, झडपा, दुर्बीण, कॅमेऱ्याची सरक हे सर्व त्यांनी योजिले. पण या मांडणीत अभिनेत्रीने जे भरले ते वेगळे आहे. कंटाळा दाखविणे सोपे असते. जांभई आणि सुस्कारा यांनी ते काम भागते. माधवींची चारू मरगळलेली नाही, तर चपळ आहे. खिडकीकडे ती लहान मुलीसारखी धाव घेते. रस्त्यावरचा छत्रीवाला जाडा गृहस्थ पाहून तिला गंमत वाटते. तिच्याजवळ बुद्धी आहे, विनोद आहे, उत्साह आहे, आणि यांपैकी कशालाही त्या घरात काम नाही. म्हणून दुर्बीण खाली येते तेव्हा ते रिकामपण प्रेक्षकाला बोचते. आळशी स्त्रीच्या कंटाळ्याने कोणाला दुःख झाले नसते.

बागेतील झोपाळ्याचा प्रसंग या भूमिकेचा मध्यबिंदू मानावा लागतो. अमल चटईवर पडून लिहितो आहे आणि चारू झोका घेत गुणगुणते आहे. कॅमेरा झोपाळ्याबरोबर फिरतो, त्यामुळे तिचा चेहरा चौकटीत स्थिर राहतो आणि मागची बाग हलत राहते. मग ती दुर्बीण उचलते. शेजारच्या घरात एक आई आपले मूल घेऊन असलेली तिला दिसते. त्यानंतर दुर्बीण अमलकडे वळते. बस, एवढेच. पण दुर्बीण उतरविल्यावर जो चेहरा दिसतो तो झोका सुरू करणारा चेहरा नव्हे. ओठांवरचे हसू एकाएकी जात नाही, ते तेथल्या तेथे निमते. आपल्या मनात काय आहे हे तिला त्या क्षणी कळले आहे, आणि आपल्याला कळले हेही तिला कळले आहे. एका विवाहित स्त्रीच्या मनातील हा उलगडा शब्दांत मांडला असता तर तो काळाच्या दृष्टीने अशक्य आणि कलेच्या दृष्टीने ओबडधोबड ठरला असता.

येथे छायालेखकाच्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो'च्या वेळेपासून कापडावर पाडून परतविलेल्या मऊ प्रकाशाची पद्धत वापरली होती. स्टुडिओत उभारलेल्या चारूच्या घरात हा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा पसरतो. तीव्र सावल्या नसल्यामुळे भुवईची, पापणीची लहानशी हालचालही टिपली जाते. अभिनय इतका सूक्ष्म करता आला, कारण तो दिसेल याची हमी होती.

आरसा आणि दुर्बीण

आता दोन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहता येतील. आरतीची वस्तू आरसा आहे, चारूची वस्तू दुर्बीण. आरती दिवसभर जगाकडे पाहते, आणि मग कधी तरी थांबून स्वतःकडे पाहते. चारूजवळ स्वतःचाच सहवास आहे, म्हणून ती काचेतून जगाकडे पाहत राहते. आरती बदलते, पण आपण बदललो हे तिला उशिरा कळते. चारूला सगळे कळते, पण तिला बदलता येत नाही. दोन्ही भूमिकांतील अभिनयाचे तंत्र या एका फरकातून निघालेले आहे.

आरतीचा अभिनय मुख्यतः शरीराचा आहे. तिच्या मनात काय चालले आहे हे पावलांवरून, खांद्यांवरून, हातातील पर्स धरण्याच्या पद्धतीवरून समजते. ती कामात असते, आणि कामात असलेल्या माणसाचे मन त्याच्या हातांत असते. चारूचे हात रिकामे आहेत. रुमाल, विडा, लेखणी, जे मिळेल ते ते धरतात आणि सोडतात. तिचे सारे जगणे डोळ्यांत गोळा झाले आहे. म्हणून माधवींनी 'चारुलता'त शरीर पुष्कळदा स्थिर ठेवून नजर हलती ठेवली, तर 'महानगर'मध्ये शरीर हलते ठेवून चेहरा शांत ठेवला.

रडण्याचे प्रसंगही या फरकाला धरूनच आहेत. चारू दोनदा कोसळते. पहिल्यांदा, तिने आपल्या गावाविषयी लिहिलेला लेख मासिकात छापून येतो तेव्हा. ती त्या मासिकाने अमलला मारते, आपला विजय साजरा करते, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला बिलगून रडू लागते. रागातून रडण्याकडे जाणारी ही वाट इतकी अनपेक्षित आहे की अमलप्रमाणे प्रेक्षकही गोंधळून जातो. दुसऱ्यांदा, अमल निघून गेल्यानंतर त्याचे पत्र येते तेव्हा. हा आक्रोश भूपती दारातून ऐकतो आणि त्याला आजवर जे दिसले नाही ते दिसते. दोन्ही वेळा हे रडणे दीर्घकाळ दाबलेल्या जाणिवेचा बांध फुटल्यासारखे आहे. आरतीचे रडणे निराळे आहे. मालक इडिथला तिच्या जातीवरून आणि चारित्र्यावरून अन्यायाने काढून टाकतो. आरती त्याच्या खोलीत जाऊन माफीची मागणी करते, आणि ती नाकारली जाताच पर्समध्ये पडून राहिलेला तोच जुना राजीनामा पुढे करते. मालकासमोर ती रडत नाही. खाली सुब्रत भेटल्यावर मात्र तिचा धीर सुटतो. हे अश्रू पराभवाचे नाहीत. आपण काय करून बसलो याची जाणीव कृतीनंतर येते, तिचे ते अश्रू आहेत. घरातील एकमेव पगार तिने न्यायासाठी सोडला आहे, आणि तो सोडताना तिने क्षणभरही विचार केला नव्हता.

'महानगर'च्या अखेरीस नवराबायको शहराच्या गर्दीत मिसळून जातात. एवढ्या मोठ्या शहरात दोघांपैकी एकाला तरी काम मिळेलच, एवढी आशा त्यांच्याजवळ उरते. 'चारुलता'च्या अखेरीस चारू हात पुढे करते, भूपतीही करतो, पण हात मिळण्यापूर्वीच चित्र गोठते. ठाकुरांच्या मूळ कथेत पतीपत्नींमध्ये पडलेले अंतर असे अधांतरी ठेवलेले नाही, ते अधिक निष्ठुरपणे स्पष्ट केलेले आहे. राय यांनी निर्णय थांबविला. त्या थांबलेल्या चित्रात चारूचा चेहरा क्षमा मागणारा नाही आणि हट्टीही नाही. ती दार उघडून उभी आहे, एवढेच म्हणता येईल.

कोणती भूमिका श्रेष्ठ?

समीक्षकांचा कौल सामान्यतः 'चारुलता'च्या बाजूने पडला आहे. आपल्या सर्व चित्रपटांत सर्वांत कमी दोष याच चित्रपटात आहेत, असे खुद्द राय यांचेही मत होते. चित्रपट म्हणून हा निर्णय मान्य करता येईल. परंतु तो भूमिकेला जसाच्या तसा लावणे न्यायाचे होणार नाही. चारूचा अभिनय नजरेत भरतो, कारण सारी रचना त्याकडे बोट दाखविते. घर शांत आहे, प्रकाश मऊ आहे, संगीत साथीला आहे, कॅमेरा तिच्या चेहऱ्याची वाट पाहत थांबतो. आरतीला असे काही नाही. खोली लहान आहे, माणसे पुष्कळ आहेत, पोर रडते आहे, ट्राम धावते आहे, आणि या गजबजाटात तिला हळूहळू दुसरी स्त्री व्हायचे आहे. ती दुसरी होते तेव्हा प्रेक्षकाला वाटते की हे कथानकाने घडविले. वास्तविक कथानकाने केवळ प्रसंग दिले. घडण अभिनेत्रीची आहे.

माधवी मुखर्जी यांनी राय यांच्याकडे १९६५ सालच्या 'कापुरुष'नंतर पुन्हा काम केले नाही. पुढे 'दिवारात्रीर काव्य' या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि रंगभूमीवर व पडद्यावर त्यांचे काम दीर्घकाळ चालू राहिले. तरीही त्यांचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुर्बीण घेतलेली चारू उभी राहते. ही ओळख चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहण्याची संधी मिळाली तर 'महानगर' आधी पाहावा. आरशासमोर नोटा धरून उभ्या असलेल्या आरतीला आधी ओळखून घेतले, की झडपेआडून रस्त्याकडे पाहणाऱ्या चारूला काय हवे होते हे अधिक चांगले समजते.